कापलेले दोन शब्द

माझ्या आत्याचं जुन्या नाण्यांचं दुकान माझ्या दिरानं बंद पाडलं. आमच्या घरात हे असं सरळ कुणी बोलत नाही. सासूबाई म्हणतात, "वय झालं होतं त्यांचं, कधीतरी बंद व्हायचंच होतं." माझा नवरा म्हणतो, "परिस्थितीच तशी आली." दीर स्वतः म्हणतो, "वहिनी, एकदा नेटवर गेलं की कुणाच्या हातात राहत नाही." ऐकून ऐकून कान किटले, म्हणून लिहितेय. दुकान त्यानं बंद पाडलं. आणि त्याला दुकानात मी नेलं होतं.

दुकान गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, सराफ्याकडं जाताना डाव्या हाताला होतं. आत्या गादीवर बसली आणि तिनं दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटं लागतील, एवढीच रुंदी. ते तिच्या सासऱ्यांनी काढलं. निजामाचा हाली सिक्का जाऊन भारत सरकारचा कलदार रुपया आला, तेव्हा खेड्यापाड्यातल्या लोकांना घरातली हाली नाणी बदलून हवी होती. ते बदलून द्यायचे. बदलायचं काम संपलं, पण त्यांच्याकडं नाणी उरली, आणि ती बघायला, घ्यायला माणसं यायला लागली. कुणाला गळ्यात घालायला शिवराई हवी असायची, कुणाला लक्ष्मीपूजनाला राणीछाप चांदीचा रुपया. कुणी मास्तर, कुणी वकील नुसते जमवायचे. सासऱ्यांच्या मागं आत्याचा नवरा बसला. तो ऐन चाळिशीत एका दुपारी गेला. आत्या तेव्हा बत्तीस वर्षांची, मुलगा दुसरीत.

सगळ्यांनी तिला दुकान विकायला सांगितलं. त्यात माझे वडीलही होते, म्हणजे तिचा सख्खा भाऊ. तिनं ऐकून घेतलं आणि तेराव्यानंतरच्या सोमवारी जाऊन गादीवर बसली. तिला नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी एक म्हातारे घड्याळजी होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तिला उर्दूचं अलिफ, बे, पे काढून द्यायचे. वर्षभरात ती मोगली आणि निजामी नाण्यांवरचं बादशहाचं नाव, टाकसाळ आणि हिजरी साल वाचायला लागली. सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी लहान असताना तिला विचारलं होतं, तुला भीती नव्हती का वाटली? ती म्हणाली, "भीती वाटायला येळ कुठं व्हता? सालं चुकायली व्हती माझी, तेच्यातच जीव."

आत्या प्रेमळ बिमळ नव्हती, हे आधीच सांगते. तोंडानं फटकळ. लोक नाणी आणायच्या आधी चिंच लावून लखलखीत घासून आणायचे. तिला ते बघवायचं नाही. "घासलंस? कुणी सांगितलं तुला घासायला? दोनशे वर्सं जे टिकलं ते तू एका सकाळी घालवलंस, व्हय?" गिऱ्हाईक ओशाळायचं. नाणं खोटं असेल तर ती खोटं आहे म्हणून तोंडावर सांगायची. खरं असेल आणि आणणाऱ्याला त्याची किंमत माहीत नसेल, तर तीही सांगायची. एकदा गंगापूरकडच्या एका बाईनं चांदीचे म्हणून काही रुपये मोडीच्या भावात द्यायला आणले. त्यातला एक बाजूला काढून आत्या म्हणाली, "हे मोडीत देऊ नको. हे माझ्यापाशीबी देऊ नको, माझ्याकडं एवढे पैसे नाईत. पुण्याला दाखव." मी समोर बसलेले होते. ती बाई गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, घेऊन टाकायचं ना." तिनं माझ्याकडं असं बघितलं की पुढचा अर्धा तास मी तराजूवरची नजर वर केली नाही.

मी चिकलठाण्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, क्वालिटीला. आठवडाभर मोजमापं घ्यायची आणि रविवारी जेवण झालं की आत्याच्या दुकानात जाऊन बसायचं, हे माझं लग्नाआधीपासूनचं. लग्नानंतरही मी ते सोडलं नाही. सासूबाईंना ते पटत नव्हतं, पण माझा पगार घरात येत होता, त्यामुळं त्या बोलत नव्हत्या.

आता दिराचं. तो माझ्या नवऱ्याहून आठ वर्षांनी लहान. मोबाईलच्या शोरूममध्ये नोकरीला होता, ती त्यानं सोडली आणि व्हिडिओ करायला लागला. आधी खाण्याच्या गाड्यांचे केले, मग लेण्यांचे, मग जुन्या दरवाजांचे. कुणी बघत नव्हतं. तो दिवसभर घरात कानात बोळे घालून बसायचा आणि सासूबाई त्याच्या खोलीत चहा नेऊन द्यायच्या. मला त्याची दया यायची, खरं सांगते. मुलगा वाईट नव्हता. माझ्या मुलीला शाळेतून आणायचा, गॅसचं सिलिंडर बसवायचा.

एक दिवस तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या आत्यांच्या दुकानाचा एक व्हिडिओ करू का? अशी दुकानं राहिलीत कुठं आता?"

मला बरं वाटलं. आमच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच आत्याच्या दुकानाबद्दल चांगलं बोलत होतं.

आत्या तयार नव्हती. "दुकान काय तमाशा हाय का?" मी दोन रविवार तिच्या मागं लागले. म्हटलं, तू एवढं शिकलीस, ते कुणाला सांगणार आहेस? तुझा मुलगा पुण्याला कंपनीत, त्याला नाण्यात रस नाही. निदान रेकॉर्ड तरी राहील. शेवटी ती म्हणाली, "तू म्हणतीस म्हणून."

तू म्हणतीस म्हणून. हे मी अजून विसरलेले नाही.

शूटिंगच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली होती. चाळीसएक मिनिटं बोलली. एवढं सुंदर बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. घड्याळजींनी अलिफ, बे कसं शिकवलं, शिवराईवरची अक्षरं कशी वाचायची, खरं नाणं दगडावर टाकल्यावर कसं वाजतं, ओतीव खोट्या नाण्याच्या कडेला शिवण कशी दिसते. शेवटी दिरानं विचारलं, "आत्या, ते देवीच्या चित्राचं पाच रुपयांचं नाणं असतं ना, त्याचे म्हणे लाखो रुपये मिळतात?" आत्यानं गल्ल्यातून तसलं एक नाणं काढलं, कॅमेऱ्यासमोर धरलं आणि हसत म्हणाली, "लोक म्हणतात, याचे पाच लाख येतात. कुणी देत नाय बाबांनो. याचे पाच रुपये येतात, पाच. असल्या गोष्टींच्या नादी लागू नका."

व्हिडिओ आला तो एका मिनिटाचाही नव्हता. त्यात शिवराई नव्हती, दगड नव्हता, घड्याळजी नव्हते. दुकानाची पाटी, गल्लीची खूण, मग आत्याचा चेहरा, हातात पाचाचं नाणं, आणि तिचा आवाज: "याचे पाच लाख येतात." पुढं ढोल वाजतो आणि दुकानाचा पत्ता येतो.

पहिले दोन शब्द त्यानं कापले होते. आणि पुढचं सगळं.

मी तो व्हिडिओ बघितला तोपर्यंत सोमवारची दुपार झाली होती. कारखान्यात पाळी चालू असताना फोन आत नेता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत बघते तर आत्याचे सात मिस्ड कॉल. लावला तर मागं नुसता गलका. ती एवढंच म्हणाली, "अगं, हे काय लावून दिलंस तू?"

हाफ डे टाकून मी गेले. गल्लीच्या तोंडापासून माणसं. कुणाच्या रुमालात नाणी, कुणाच्या पिशवीत ट्रॅक्टरवाल्या पाचाच्या नोटा. एका जीपमधून वैजापूरकडचे आठ-नऊ जण आले होते, सगळ्यांनी मिळून देवीची नाणी गोळा करून आणली होती. आत्या एकेकाला समजावत होती. "दादा, पाच रुपये. दुकानात जा, चहा प्या." आणि एकेक जण खिशातून फोन काढून तिच्या डोळ्यांसमोर धरत होता. फोनमधून तिचाच आवाज, तिचाच चेहरा. याचे पाच लाख येतात.

"मावशी, हे कोण बोलतंय मंग? तुम्हीच ना?"

"मीच. पण मी तसं म्हणले नाय."

"आता आमच्या डोळ्यांदेखत म्हणायलात की."

तीस वर्षं जी बाई खोट्याला खोटं म्हणत आली, तिच्या पुढ्यात तिचाच आवाज खोटा होऊन आला होता. एक जण मागून ओरडला, "सोताच घेणार सगळं, आपल्याला पाच रुपये सांगती." बाकीचे हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी दिराच्या खोलीत गेले. तो खुशीत होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांनी काहीतरी बघितलं होतं.

"भाऊजी, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाका."

"वहिनी, अहो, आत्यांचं दुकान फेमस झालंय. गर्दी बघितली का?"

"त्या असं म्हणाल्या नव्हत्या. मी तिथं होते."

"एडिटिंगमध्ये थोडं इकडंतिकडं होतं. लोकांना कळतं ते करमणुकीचं असतं."

"लोकांना कळलं असतं तर ते जीप करून आले असते का?"

आमचा आवाज ऐकून सासूबाई आल्या. त्यांनी काय झालं ते विचारलंही नाही. "त्याचं कुठं नशीब उघडायला लागलंय तर लगेच पाय ओढायचे," एवढं म्हणून त्यांनी त्याच्यासमोर शिऱ्याची वाटी ठेवली. मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा टीव्हीकडं बघत होता. "बघू, बोलतो मी त्याच्याशी," म्हणाला. तो त्याच्याशी बोलला चार दिवसांनी. चार दिवस!

चार दिवसांनी दिरानं व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर दुसऱ्या कितीतरी जणांनी तो उचलून आपापल्या नावानं टाकला होता. काहींनी खाली फोन नंबर दिले होते. नाणं विकायचं असेल तर या नंबरवर फोटो पाठवा, नोंदणीचे पैसे भरा. ते नंबर कुठले, माणसं कोण, देवाला ठाऊक. पण वर चेहरा आत्याचा.

त्यातूनच ती बाई आली. वैजापूर तालुक्यातल्या कुठल्याशा वस्तीवरची, माझ्याच वयाची असेल. तो शनिवार होता. मी कामावरून रजा घेतलेली होती, कारण त्या दिवसांत मी आत्याला एकटीला सोडत नव्हते. ती एसटीनं आली होती, पदराच्या गाठीत एकच नाणं. आधी ती पायरीवर नुसती बसून राहिली. आत्यानं तिला पाणी दिलं, चहा सांगितला. मग कळलं, तिनं बाजारात कांदा विकून पट्टीचे आलेले पैसे घरात न सांगता त्या नंबरवर भरले होते. एकदा नोंदणीचे, मग सरकारी कराचे म्हणून, मग गाडीभाड्याचे म्हणून. आता तो नंबर लागत नव्हता.

आत्यानं तिचा हात धरून तिला सगळं सांगितलं. व्हिडिओ कसा झाला, कुणी कापला, काहीच लपवलं नाही. मी बाजूलाच होते, "माझ्या भाचीच्या दिरानं" म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बाईनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ते समदं खरं असंल. पण मी तुमचं तोंड बघून भरले पैसे. वाटलं, बाईमाणूस हाय, वयानं मोठी हाय, खोटं कशाला बोलंल. आता तुम्हीच द्या."

पायरीशी पाच-सहा पुरुष उभे होते, नाणी घेऊन आलेले. त्यातल्या एकानं लगेच सूर लावला, "बरोबर हाय ताईचं! लोकांचे पैसे खाल्ले हिनं!" त्या बाईच्या पैशाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त निमित्त पाहिजे होतं. त्यानं पुढं होऊन काचेच्या पेटीवर हात मारला. काच फुटली. दुसऱ्यानं कप्पा ओढला तो सगळाच बाहेर आला आणि नाणी पायरीवरून गल्लीत सांडली.

आणि मग ती माणसं खाली वाकली. मी हे डोळ्यांनी बघितलंय. जे आत्याला लुटारू म्हणत होते ते गुडघ्यांवर बसून नाणी वेचत होते आणि खिशात घालत होते. गल्लीतून जाणारी माणसं थांबून वेचायला लागली. स्कूटरवरून उतरून एक चांगला शर्ट-पँटीतला माणूस गटाराच्या कडेनं बोटं फिरवत होता. मी ओरडत होते, एकाची कॉलर धरली, त्यानं मला ढकललं. ती वस्तीवरची बाई मात्र भिंतीला टेकून उभी होती, तिनं एकही नाणं उचललं नाही. पुढं कधी तरी ती निघून गेली. तिचं नाव, गाव काहीच आम्ही विचारून ठेवलं नव्हतं. तिच्या घरी काय झालं असेल याचा विचार मी करायचं टाळते.

आत्या काचेत हात घालून कागदाच्या चिठ्ठ्या गोळा करत होती. प्रत्येक नाण्याबरोबर तिच्या हातची चिठ्ठी असायची: कुणाचं नाणं, कुठली टाकसाळ, कुठलं साल. तिचा तळवा कापला होता आणि चिठ्ठ्या लाल होत होत्या. मी म्हटलं, "राहू दे, आत्या." ती म्हणाली, "सालं जातील गं. सालं जातील."

चौकीत गेलो. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या फोनवर व्हिडिओ लावला. "बाई, ह्याच्यात तर तुम्हीच बोलायलात." मी म्हटलं, साहेब, अर्धं वाक्य कापलंय. तो म्हणाला, "कापलं कुणी?" मी गप्प बसले. दोन-तीन सेकंदच. त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोर सासूबाई, नवरा, मुलगी, सगळं घर आलं. मग आत्याच म्हणाली, "जाऊ द्या साहेब. अनोळखी लोकांनी दुकान फोडलं एवढंच लिहा." तिनं माझं घर वाचवलं. आणि मी वाचवू दिलं. दिराचा राग येतो तेवढाच मला त्या दोन-तीन सेकंदांचा येतो.

आठ दिवसांनी आत्यानं दुकान बंद करायचं ठरवलं. मुलगा पुण्याहून आला, त्याला आधीपासून तेच हवं होतं. दुसऱ्या गावच्या एका नाणेवाल्यानं उरलेला माल घेतला. तो माणूस सज्जन होता. चिठ्ठ्या बघून म्हणाला, "अक्का, हे वाचन कुणाचं?" आत्या म्हणाली, "माझं." त्यानं हात जोडले. तीस वर्षांत या शहरात कुणी तिला हात जोडल्याचं मी बघितलं नव्हतं. जोडले ते परगावच्या माणसानं, दुकान रिकामं करताना.

आम्ही दोघी शेवटच्या पेट्या बांधत होतो. चिकटपट्टी लावता लावता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तूच आणलंस त्याला."

मी म्हटलं, "हो."

"मी नको म्हणत व्हते."

"हो, आत्या."

"आरडाओरडा, काच, ते समदं जाऊ दे. पर मला खोटी म्हणले गं. माझ्या तोंडावर." आणि ती रडली. नवरा गेला तेव्हाही ती रडल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिनं तो बाजूला केला.

इथं हे संपलं असतं तर मी कदाचित गिळून टाकलं असतं. पण दुकान बंद झाल्याच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारच्या टेबलवरची मैत्रीण फोन घेऊन आली. "तुझ्या आत्याचंच ना गं हे? किती छान केलंय. मला रडूच आलं."

बासरीचं संगीत. गल्लीच्या पलीकडून लांबून काढलेलं चित्र. आत्या पेटी उचलून रिक्षात ठेवतेय, मी मागं. शटर खाली येतं. त्यावर अक्षरं येतात: शहरातलं एक जुनं दुकान बंद झालं, आपण आपला वारसा जपला नाही. खाली लोकांच्या रडक्या चेहऱ्यांची रांग.

दीर तिथं आला होता. आम्ही पेट्या उचलत होतो तेव्हा तो समोर उभा राहून शूट करत होता, आणि एक पेटी उचलायला पुढं झाला नाही.

त्या दिवशी मी घरी गेले आणि चप्पलही काढली नाही. सगळे चहाला बसले होते. मी फोन त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ लावला. बासरी वाजत राहिली.

तो म्हणाला, "वहिनी, हा तर चांगला केलाय. मला पण वाईट वाटलं म्हणून केला."

"तुला वाईट वाटलं?" मी म्हटलं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"दोन शब्द कापलेस तू. 'लोक म्हणतात', एवढेच दोन. कशाला कापलेस?"

"मी काय मुद्दाम केलं का? फ्लो येत नव्हता..."

"मुद्दाम केलंस. चाळीस मिनिटांतून एक वाक्य शोधून काढलंस, त्याची सुरुवात कापलीस, शेवट कापलास, ढोल लावलास. हे चुकून होत नाही. मी रोज चुकून झालेलं आणि मुद्दाम केलेलं तपासते, तोच माझा धंदा आहे."

सासूबाई म्हणाल्या, "एवढं ओरडायला काय झालं? म्हातारीच्या दुकानासाठी घर मोडशील का?"

नवरा म्हणाला, "अगं, शेजारी ऐकतायत."

मी म्हटलं, "ऐकू देत. आणि आता तुझ्याकडची पूर्ण रेकॉर्डिंग दे."

तो म्हणाला, बहुतेक डिलीट झाली. मी म्हटलं, शोध. मी तिथंच उभी राहिले. अर्धा तास लागला त्याला शोधायला. सापडली. मी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि त्याच्या चॅनेलवर जशीच्या तशी, एक सेकंद न कापता, टाकायला लावली. तीही मी समोर उभी राहूनच. मोजक्या माणसांनी बघितली. बहुतेकांनी मधेच सोडली असणार. एकानं खाली लिहिलं: फार लांब आहे, मुद्द्याचं सांगा.

पेनड्राइव्ह घेऊन मी आत्याकडं गेले. ती दारात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही, पण टीव्हीला लाव म्हणाली. आम्ही दोघींनी सगळं बघितलं. मधे एका ठिकाणी ती पुढं वाकली. "थांबीव. हितं मी साल चुकीचं सांगितलंय." मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. उठून आत गेली आणि भाजी चिरायला लागली. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. तेव्हापासून मी दर रविवारी जाते. ती बोलते, जेवायला वाढते. नाण्यांचा विषय आम्ही काढत नाही. आधी जे होतं ते राहिलेलं नाही, आणि ते परत येईल असं कुणी मला सांगू नये.

दोन महिन्यांनी मी आणि माझा नवरा मुलीला घेऊन चिकलठाण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी त्याला सांगितलं होतं, तू ये किंवा येऊ नको, मी जाणार. तो आला. पण त्याच्या मनात अजून असं आहे की मी राग धरून बसलेय. परवा दिराचा साखरपुडा ठरला. नवरा म्हणाला, "झालं गेलं सोडून दे आता. त्यानं पण काही कमी सोसलं नाही, लोक त्याला कमेंटमध्ये लई बोललेत."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं ठेवलं आणि म्हटलं, "त्यानं आत्याच्या दारात जाऊन, तिच्या तोंडावर, मी कापलं असं म्हणावं. तेवढं एक वाक्य. मग बघू."

"ते तो नाही म्हणणार, तुला माहितेय."

"मग मी नाही येणार."

नवरा बाहेरच्या खोलीत गेला. मुलीनं विचारलं, आई, तू काकावर चिडलीस का? मी म्हटलं, हो. तिनं विचारलं, अजून? मी म्हटलं, हो, अजून. आणि पुढची पोळी लाटायला घेतली.